थंड उत्तर समुद्रातले खोल पाण्यातले स्पंज कसे ओळखायचे

उत्तर अटलांटिकच्या थंड पट्ट्यात, म्हणजे नॉर्वेचा किनारा, फेरो बेटं, आइसलँड, बॅरेंट्स समुद्र, ग्रीनलंड आणि पूर्व कॅनडा या भागात, 200-300 मीटरच्या खाली काही ठिकाणी समुद्रतळ स्पंजांनीच भरलेला असतो. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यात तिथे एका खेपेला शेकडो किलो स्पंज वर येतात. डेकवर पडले की त्यांचे मळकट पांढरे गोळे दिसतात आणि नोंदवहीत ‘स्पंज’ एवढाच शब्द पडतो. खरं तर त्या ढिगात अनेक मोठ्या जाती असतात, शिवाय त्यांच्या अंगाखांद्यावर वाढणाऱ्या कितीतरी लहान जाती असतात. कोणती जात आहे हे कळलं तर तिथलं पाणी कोणत्या प्रकारचं आहे आणि तळ कसा आहे, याचा अंदाज बांधता येतो.

या लेखात ओळख पटवण्याची रीत कामाच्या क्रमाने दिली आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी: बाहेरून दिसणाऱ्या आकारावरून आपण फार तर दारापर्यंत पोचतो. नाव ठरतं ते सांगाड्यावरून, म्हणजे शरीरातल्या सूक्ष्म, बहुधा काचेच्या काट्यांवरून. मराठीत त्यांना कंटिका म्हणतात. जितका पुरावा हातात असेल तितकंच नाव लिहायचं. या विषयातली बहुतेक चुकीची नावं एक पायरी जास्त उतरण्याच्या घाईतून आलेली असतात.

नमुन्याआधी जागा पाहा

स्पंज हातात घेण्याआधी चार गोष्टी लिहून काढा: अक्षांश-रेखांश, खोली, तळाजवळच्या पाण्याचं तापमान आणि तळाचा प्रकार. तापमानाला तर सोडूच नका. फेरो आणि शेटलंड बेटांमधल्या सामुद्रधुनीत वरच्या थरात तुलनेने उबदार अटलांटिक पाणी असतं आणि सुमारे 600 मीटरच्या खाली शून्याच्याही खालच्या तापमानाचं नॉर्वेजियन समुद्राचं पाणी. एकाच उतारावर शे-दोनशे मीटर खाली गेलं की प्राण्यांची अख्खी यादी बदलते. 1868 मध्ये ‘लाइटनिंग’ आणि 1869 मध्ये ‘पॉर्क्युपाइन’ या ब्रिटिश जहाजांनी तिथे तळ खरवडला, तेव्हापासून हा फरक माहीत आहे.

स्पंजांच्या बाबतीत ढोबळ नियम असा, की काही जाती शून्याच्या बऱ्याच वर असलेल्या अटलांटिक पाण्यात राहतात आणि त्यांच्या जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या जाती शून्याच्या आसपासच्या आर्क्टिक पाण्यात. सीमेवर दोन्ही भेटतात, म्हणून तापमानावरून जात ठरवता येत नाही. कुठल्या नावांवर आधी संशय घ्यायचा, ते मात्र कळतं.

तळाचा प्रकारही बोलका असतो. मऊ चिखलात मुळांसारख्या तंतूंनी रोवून बसणारे स्पंज वेगळे आणि हिमनद्यांनी आणून टाकलेल्या दगडगोट्यांवर चिकटणारे वेगळे.

छायाचित्र किंवा व्हिडिओवरून काय कळतं

आजकाल बरंच काम आरओव्हीच्या, म्हणजे जहाजावरून केबलने चालवल्या जाणाऱ्या कॅमेरायंत्राच्या, चित्रफितींवरून होतं. नॉर्वेचा समुद्रतळ नकाशित करणारा मारेआनो हा कार्यक्रम 2005 पासून अशीच चित्रं जमवतो आहे. चित्र पाहताना पहिला प्रश्न, हा स्पंजच आहे का? खोल पाण्यात समुद्रपिचकारी, ब्रायोझोअन (वसाहत करून राहणारे बारीक प्राणी) आणि मऊ प्रवाळ सहज फसवतात. समुद्रपिचकारीला दोन ठळक नळ्या असतात आणि धक्का लागला की ती आक्रसते. मऊ प्रवाळावर आठ स्पर्शकांचे पॉलिप असतात. स्पंजाला यातलं काहीच नसतं. त्याला फक्त पाणी आत घेणारी बारीक छिद्रं आणि पाणी बाहेर सोडणारी मोठी तोंडं असतात.

दुसरं माप. यंत्रावर ठरावीक अंतरावर लावलेले दोन लेझर असतील तर त्यांच्या ठिपक्यांवरून आकार मोजा. ते नसतील तर अंदाजाने सेंटिमीटर लिहू नका.

त्यानंतर आकाराचा गट ठरवा: गोळा, वाडगा, पंखा, नळी, देठावरचा गोंडा, दगडावरचा पातळ थर. मग तोंडं पाहा: एक मोठं की अनेक, खोलगट खड्ड्यात लपलेली की उघड्यावर विखुरलेली, की चाळणीसारखी बारीक. मोठ्या गोळा स्पंजांत तोंडांची ही मांडणी रंगापेक्षा कितीतरी भरवशाची. रंगाचा उपयोग जपून करा, कारण अनेक जाती पांढरट-करड्या असतात आणि त्यावर गाळाचा थर बसलेला असतो.

सर्वांत शेवटी अंगावर कोण राहतंय ते बघा. त्याचं महत्त्व पुढे येईल.

नमुना हातात आला की

हातमोजे घाला. या स्पंजांचा मोठा भाग काच असतो आणि ती काच बोटात घुसली की दिवसेंदिवस टोचत राहते. अल्कोहोलमध्ये टाकण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो काढा: वरून, बाजूने आणि कापलेल्या भागाचा. अल्कोहोलमध्ये रंग जातो आणि आकार आक्रसतो. काही पिवळे स्पंज हवा लागताच काळसर-जांभळे पडायला लागतात; तसं दिसलं तर ते लगेच लिहून ठेवा, ते ओळखीचं चांगलं लक्षण आहे.

आता सुरी घेऊन स्पंज वरून खाली आरपार कापा. एखादा जिओडिया, म्हणजे इथल्या मोठ्या गोळा स्पंजांपैकी एक, कापून पाहिला की सुरुवातीलाच सुरी अडते: बाहेर एक टणक, करकरीत साल असते. सालीखाली पिवळसर मऊ गर लागतो, आणि त्यात सालीपासून आतल्या दिशेने रेषारेषांनी गेलेले काट्यांचे जुडगे नुसत्या डोळ्यांना दिसतात. ही साल आहे की नाही, असेल तर किती मिलिमीटर जाड, हे मोजून लिहा. कापताना आत शिंपला, दगड किंवा दुसराच एखादा स्पंज सापडला तर त्याचीही वेगळी नोंद करा.

जपणूक 96 टक्के इथेनॉलमध्ये करा. स्पंजात पाणी प्रचंड असतं, त्यामुळे पहिलं अल्कोहोल पातळ होतं. ते एका दिवसानंतर बदलायलाच हवं. नमुन्याच्या कित्येक पट अल्कोहोल घ्या. फॉर्मॅलिन टाळा: डीएनएचं काम अवघड होतं, आणि आम्ल झालेलं फॉर्मॅलिन चुनखडीच्या कंटिका विरघळवून टाकतं. लेबल जाड कागदावर पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये पुसली जाते आणि नुसतं बाहेर चिकटवलेलं लेबल कधीतरी निघून पडतं.

कंटिका वेगळ्या करणं

खरी ओळख इथून सुरू होते, म्हणून या पायरीला वेळ द्या. स्पंजाचे किमान दोन तुकडे घ्या, एक पृष्ठभागाचा आणि एक आतल्या गराचा, आणि ते वेगवेगळ्या नळ्यांत ठेवा. काही कंटिका फक्त सालीत असतात, काही फक्त आत. दोन्ही एकत्र विरघळवले तर ती माहिती कायमची गेली. तुकडा 3 ते 5 मिलिमीटरचा पुरे. मोठा घेतला तर नुसता लगदा होतो.

तुकड्यावर घरगुती ब्लीच ओता. फेस येतो, मांस विरघळतं आणि तळाशी पांढरा गाळ बसतो. काही जातींत हे थोड्या मिनिटांत होतं, चिवट जातींना तास-दोन तास लागतात. गाळ पूर्ण खाली बसू द्या आणि मगच वरचं द्रव ड्रॉपरने हळूच काढा. घाई इथे महागात पडते, कारण मोठे काटे पटकन बसतात पण सर्वांत बारीक कंटिका बराच वेळ तरंगत राहतात. नेमक्या त्याच जात सांगतात. नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने तीन-चार वेळा धुवा, दर वेळी बसू द्या, आणि शेवटी अल्कोहोलने एकदा धुऊन एक थेंब काचपट्टीवर वाळवा. त्यावर कॅनडा बाल्सम (पारदर्शक राळ) किंवा तत्सम माध्यम घालून झाकणकाच ठेवली की पट्टी वर्षानुवर्षं टिकते.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी काही जण नायट्रिक आम्ल वापरतात. ते काम धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच, प्रशिक्षण घेऊनच करा. ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल यांचीही गाठ पडता कामा नये, स्फोट होऊ शकतो. घरच्या टेबलावर ब्लीच पुरेसं आहे.

याच्या जोडीला एक छेदही हवा. पृष्ठभागाला काटकोनात ब्लेडने पातळ चकती कापा, अल्कोहोलमध्ये निर्जल करा, लवंग तेलात पारदर्शक करून काचपट्टीवर बसवा. कंटिका कोणत्या आहेत ते ब्लीच सांगतं, त्या कशा रचल्या आहेत ते छेद सांगतो. छेदाचा आणखी एक मोठा फायदा आहे. स्पंजांच्या वस्तीत तळावर मेलेल्या स्पंजांच्या कंटिकांची जाडच्या जाड चटई साचलेली असते आणि जिवंत स्पंज त्यातले परके काटे अंगात घेतो. ब्लीचच्या गाळात दोन-चारच दिसलेला एखादा प्रकार पाहुणा असण्याची शक्यता मोठी. तो छेदात आपल्या जागी, रचनेत गुंफलेला दिसला तरच त्या स्पंजाचा माना. नळ्या आणि ड्रॉपरही दर नमुन्याला नवे घ्या, कारण एका नमुन्याचे काटे दुसऱ्यात गेले की ते पुढे कुणालाच वेगळे काढता येत नाहीत.

सूक्ष्मदर्शकाखाली वाचन

आधी वर्ग ठरवा. थोड्या कंटिकांवर सौम्य आम्लाचा थेंब टाका. त्यासाठी ब्लीच पूर्ण धुतलेला गाळ किंवा ब्लीच न लावलेला तुकडाच घ्या. कंटिका विरघळल्या तर चुनखडीचे स्पंज. न विरघळणाऱ्या कंटिका सिलिकाच्या, म्हणजे काचेच्या. त्यांत एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन अक्षांचे, सहा टोकांचे काटे असतील तर काचस्पंज. ते नसतील तर बहुधा डेमोस्पंज, ज्यात बहुसंख्य जाती येतात.

डेमोस्पंजात मोठे काटे आणि सूक्ष्म काटे वेगवेगळे नोंदवा. मोठ्यांत पाहायचं ते टोक: दोन्हीकडे टोकदार असेल तर ऑक्सिया, एक बाजू टोकदार आणि दुसरी बोथट असेल तर स्टाइल, बोथट बाजूला टाचणीसारखा गोळा असेल तर टायलोस्टाइल, दोन्ही बोथट तर स्ट्राँगाइल. लांब दांड्याच्या टोकाला तीन फांद्या फुटल्या असतील तर ट्रायीन. ट्रायीन दिसली की टेट्रॅक्टिनेलिडा गणात आलो, आणि उत्तरेकडचे बरेचसे मोठे गोळे याच गणातले. सूक्ष्म काट्यांत ताऱ्यांसारखे अ‍ॅस्टर, इंग्रजी सी किंवा एस आकाराचे सिग्मा, धनुष्यासारखे टॉक्सा, केसासारखे रॅफाइड आणि दोन टोकांना नांगराचे दात असलेले कीली हे मुख्य प्रकार. मोठे काटे 100 पट मोठं करून दिसतात. अ‍ॅस्टर आणि कीलीसाठी 400 पट लागतात, आणि कीलीचे दात नीट मोजायचे तर तेलाचा थेंब घालून वापरायचं 1000 पटीचं भिंग.

प्रत्येक प्रकारच्या 30 कंटिका मोजायची प्रथा आहे. किमान, सरासरी, कमाल लिहा. मोडलेल्या सोडा.

जिओडिया: एकमेकांशी सर्वांत जास्त गल्लत होणारे

सालीच्या नळीतून घेतलेल्या थेंबात सगळीकडे गोलसर, खरबरीत दाणे भरलेले दिसले तर तो जिओडिया. हे दाणे म्हणजे स्टेरॅस्टर. भिंगाचा फोकस त्यांच्या पृष्ठभागावर आणला की शेकडो बारीक किरणांची टोकं छोट्या फुलांसारखी दिसतात, आणि एका बाजूला एक खोलगट जागा दिसते. टणक साल यांचीच बनलेली असते.

उत्तर अटलांटिकमध्ये अटलांटिक पाण्याच्या चार जाती वारंवार भेटतात. जिओडिया बॅरेटी हा पांढरट-पिवळसर, अनियमित गुळगुळीत गोळा असतो. त्याची तोंडं एका किंवा अनेक खोल खड्ड्यांत असतात. चित्रफितीत तो खड्डा काळसर भोकासारखा दिसतो. जिओडिया मॅकअँड्र्युआय सहसा गोल असतो, साल जाड, स्टेरॅस्टर बॅरेटीपेक्षा थोराड, आणि तोंडं खड्ड्यात न जाता चाळणीसारखी पृष्ठभागावर असतात. जिओडिया अटलांटिका पत्र्यासारखा वळलेला किंवा वाडग्यासारखा होतो, साल पातळ. जिओडिया फ्लेग्रेई बहुधा वाडग्याच्या आकाराचा.

आर्क्टिक पाण्यात यांची जागा मुख्यतः दोन जाती घेतात, जिओडिया हेंटशेली आणि जिओडिया पार्व्हा. पार्व्हा ही फ्लेग्रेईची आर्क्टिक जोडीदार म्हणता येईल इतकी जवळची. दोघांना बराच काळ एकच समजलं जात होतं. चित्रावरून यांना वेगळं करण्याचा हट्ट धरू नये. 2016 मध्ये ‘पोलारस्टर्न’ या जर्मन संशोधन जहाजाने मध्य आर्क्टिकमधल्या लँगसेथ रिजवर, कायम बर्फाखाली असलेल्या पाणबुड्या पर्वतमाथ्यांवर, स्पंजांची दाट वस्ती पाहिली. तिथे मुख्य जाती हेंटशेली, पार्व्हा आणि स्टेलेटा रॅफिडिओफोरा याच होत्या. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या स्पंजांचं सरासरी वय सुमारे 300 वर्षं आहे, आणि त्यांच्या आहारात जुन्या, मेलेल्या नळीकृमींचे अवशेष आहेत. एका ओढीत ट्रॉल काय उचलतो, हे त्या आकड्यावरून समजतं.

तिसरी जात, स्टेलेटा रॅफिडिओफोरा, जिओडियासारखीच दिसते. गल्लत सुटते ती सालीच्या नळीत: तिच्यात स्टेरॅस्टर नसतात, आणि केसांसारख्या रॅफाइडचे जुडगे मिळतात.

पिवळा थर आणि रिकामी काचपट्टी

स्ट्रिफ्नस फॉर्टिस हा मोठा, खडबडीत, करड्या-तपकिरी अंगाचा स्पंज याच वस्त्यांत राहतो. चित्रात तो अनेकदा पिवळा दिसतो. तो रंग त्याचा नसतो, तर त्याच्यावर पसरलेल्या हेक्साडेला डेड्रिटिफेरा या दुसऱ्याच पातळ स्पंजाचा असतो. जुन्या नोंदींत हा थर अनेकदा अ‍ॅप्लिसिला सल्फ्युरिया या नावाने आढळतो. हेक्साडेलाला कंटिका नसतातच. म्हणजे कुणी फक्त पिवळा पृष्ठभाग खरवडून ब्लीचमध्ये टाकला, तर काचपट्टी रिकामी निघेल किंवा खालच्या स्ट्रिफ्नसचे काटे हेक्साडेलाच्या नावावर जमा होतील. अशा वेळी पिवळा थर चिमट्याने सोलून वेगळ्या बाटलीत ठेवा आणि दोन स्वतंत्र क्रमांक द्या. स्ट्रिफ्नसच्या गरात ऑक्सिया, आखूड दांड्याच्या ट्रायीन आणि बारीक काटेरी दांड्यांसारखे सॅनिडॅस्टर मिळतात. स्टेरॅस्टर नसतात.

बाकीचे आकार

चिखलात मुळं रोवलेला, छत्रीसारख्या माथ्याचा आणि कडेला आडवी खाच असलेला लहान स्पंज बहुधा थेनिया. त्यात ट्रायीन असतात, साल नसते, आणि सूक्ष्म काटे वळलेल्या दांड्यावर किरण असलेले. टेंटोरियम सेमिसुबेरिटेस दंडगोल, वरच्या सपाट माथ्यावर एक-दोन छोट्या नळ्या. पॉलिमॅस्टियाच्या गादीवर अशा नळ्या भरपूर. दोघांत टायलोस्टाइल मिळतात, ट्रायीन नाहीत.

पंख्यांच्या बाबतीत फॅकेलिया व्हेंटिलाब्रम आणि अ‍ॅक्सिनेला इन्फुंडिबुलिफॉर्मिस ही जोडी चित्रात फार फसवते. फॅकेलिया पातळ, त्यावर शिरांसारख्या रेषा. काट्यांत स्टाइल आणि नागमोडी स्ट्राँगाइल. अ‍ॅक्सिनेला जाडसर, काट्यांत स्टाइल आणि ऑक्सिया. नागमोडी काटे दिसले की प्रश्न मिटतो. मोठा, गुठळ्यांचा, खाचा असलेला आणि सालीशिवायचा मायकेल लिंग्वा असेल तर असमान टोकांच्या कीली वर्तुळात मांडलेल्या, गुलाबाच्या पाकळ्यांसारख्या दिसतील.

काही नाजूक, देठाचे स्पंज मांसाहारी असतात. स्पंज शिकार करू शकतो हे 1995 मध्ये भूमध्य समुद्रातल्या एका गुहेतल्या जातीवरून सिद्ध झालं. उत्तरेत कॉन्ड्रोक्लॅडिया, क्लॅडोरायझा, अ‍ॅस्बेस्टोप्लुमा आणि लायकोपोडिना या प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट, भेटतात. देठावर काचेसारखे फुगे असतील तर कॉन्ड्रोक्लॅडिया, पण वर येताना ते फुगे आक्रसतात, म्हणून पाण्यातला फोटो मोलाचा. बाकीच्यांसाठी कीलीचे दात पाहिल्याशिवाय प्रजातीचंही नाव लिहू नका.

काचस्पंजांत नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या मधल्या शुल्झ बँक या पाण्याखालच्या डोंगरावर शॉडिनिया रोझिया, कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियाजवळच्या एमेरल्ड बेसिनमध्ये व्हॅझेला पोर्टालेसाय. व्हॅझेलासाठी तिथे 2013 मध्ये तळाची मासेमारी बंद असलेली दोन क्षेत्रं जाहीर झाली. पॅसिफिक बाजूला ब्रिटिश कोलंबियाच्या हेकेट सामुद्रधुनीत काचस्पंजांचे अख्खे खडक आहेत. तिथे मुख्यतः अ‍ॅफ्रोकॅलिस्टेस व्हॅस्टस, हेटेरोकोन कॅलिक्स आणि फॅरिया ओक्का यांच्यात निवड करायची असते. काचस्पंज हाताळताना चुरा होतात, म्हणून तुकडा ताबडतोब बाटलीत घाला आणि सूक्ष्म काट्यांसाठी वेगळा भाग राखून ठेवा.

डीएनए कुठे उपयोगी, कुठे नाही

कॉक्स-वन जनुकाचा सुमारे 650 अक्षरांचा तुकडा सर्वाधिक वापरला जातो. जिओडियाच्या जाती त्यावरून वेगळ्या पडतात. पण स्पंजाच्या ऊतीत जीवाणूंची दाट वस्ती असते आणि अंगावर दुसरे स्पंज वाढतात, त्यामुळे बाहेरचा तुकडा घेतला तर भलत्याच जीवाचा डीएनए-क्रम येऊ शकतो. आतल्या स्वच्छ गराचा तुकडा घ्या. क्रम जुळला तरी कंटिका तपासा. दोन्ही एकच नाव सांगत असतील तरच ते लिहा, आणि विसंगती असेल तर नमुना पुन्हा कापा.

नाव लिहिणं आणि नमुना ठेवणं

फक्त चित्र असेल आणि खड्ड्यातली तोंडं दिसत असतील, तर ‘जिओडिया, जात अनिश्चित’ एवढं पुरे. कंटिका पाहिल्या पण एखादं माप जुळत नसेल, तर जातीच्या नावापुढे अनिश्चिततेची खूण लावा आणि कोणतं माप जुळलं नाही ते लिहा. नोंदवहीत ‘कशावरून ओळखलं’ असा वेगळा रकाना ठेवा: चित्र, कापलेला नमुना, कंटिका, छेद, डीएनए. पुढे नकाशा करणाऱ्याला त्या रकान्यावरून कोणत्या नोंदी घ्यायच्या ते ठरवता येतं. या नकाशांवर मासेमारीचे निर्णय अवलंबून असतात: वायव्य अटलांटिकच्या मत्स्यसंघटनेने एका ट्रॉल खेपेत 300 किलो, तर ईशान्य अटलांटिकच्या संघटनेने 400 किलो स्पंज ही मर्यादा ठरवली आहे. ती ओलांडली तर जहाजाने तिथून हलायचं असतं.

आजचं मान्य नाव कोणतं ते वर्ल्ड पोरिफेरा डेटाबेसवर, म्हणजे जगभरच्या स्पंजांच्या नावांच्या ऑनलाइन यादीत, तपासा, कारण जुन्या साहित्यातली बरीच नावं बदलली आहेत. नमुना, काचपट्टी आणि फोटो यांना एकच क्रमांक द्या आणि ते संग्रहालयात जमा करा. ब्लीचमध्ये न टाकलेला, साल आणि गर दोन्ही असलेला एक तुकडा कायम शिल्लक ठेवा. पुढच्या तपासणाऱ्याला कापायला काहीतरी हवं.